भात अक्काचा, पाक शालिग्रामचा

शालिग्रामनं पहिल्यांदा नारिंगी भात केला, तेव्हा त्याच्या मुलीनं, उर्वशीनं, एक घास तोंडात घातला, दाताखाली धरला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ये तो छर्रे हैं."

छर्रेच होते, खोटं कशाला बोला. शीत न् शीत मोकळं, रंग असा सुरेख की बघत राहावं, आणि चावायला गेलं की कट्ट वाजावं. दुसऱ्या रविवारी त्यानं तांदूळ जरा जास्त शिजवले, तर पाकात पडताच त्यांचा गोड लगदा झाला. ते पातेलं उचलत त्याची बायको कुमुद म्हणाली, "गाईला घालून येऊ का?" आणि म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. शालिग्रामचं तोंड एवढंसं झालं होतं. ह्या घरात गोड भात आणि गाय एका वाक्यात आणायचे नसतात, हे नऊ वर्षांपासून तिला ठाऊक होतं.

आता हा शालिग्राम कोण, तर पीथमपुरला चौतीस वर्षं फिटर. धारहून सकाळची शिफ्ट-बस धरायची, दिवसभर लोखंड मापात बसवायचं, आणि घरी येऊन बायकोनं चहात साखर किती घातली ह्यावर मत द्यायचं. रिटायर झाला तरी मापं काही सुटली नाहीत. स्वैपाकघरात त्यानं डिजिटल काटा आणला, पाकात बुडवायचा थर्मामीटर आणला, इंडक्शन कितीवर ठेवून किती मिनिटं, त्याचा कागद कुमुदच्या मसाल्याच्या फळीवर चिकटवला. तांदूळ चार प्रकारचे आणले. तूप तिरल्याहून, ओळखीच्या घरचं. मोबाइलवर शाही, नवाबी असल्या नावांचे दहा भात बघून झाले. सगळ्यांत रंगाची पुडी आणि वरून काजू. नारिंगाची साल एकातही नव्हती, आणि त्या व्हिडिओंतल्या सगळ्या बायका भात कुकरला लावून मोकळ्या होत होत्या.

हा भात मोबाइलवर मिळणारा नव्हताच. धारला मानसिंगराव म्हणून सरदार होऊन गेले, त्यांच्या मुदपाकखान्यातला, म्हणजे त्यांच्या थोरल्या स्वैपाकघरातला तो भात. तिथली रीतच निराळी. भात करणारा आचारी वेगळा, पाक करणारा वेगळा. दोघांच्या चुली दोन टोकांना आणि मध्ये भिंत. भातवाल्यानं पाकाकडं बघायचं नाही, पाकवाल्यानं भाताचं झाकण उचलायचं नाही. उद्या एखाद्या आचाऱ्याला दुसऱ्या सरदारानं फूस लावून नेलं, तरी त्याच्या हाती अर्धाच भात लागावा, अशी सोय. पुढं सरदारकी गेली, चुली विझल्या, आणि भातवाल्याची मुलगी पाकवाल्याच्या मुलाला दिली. ती शालिग्रामची आई. भात तिनं माहेरून आणला, पाक सासऱ्यांकडून शिकली, आणि अख्खा नारिंगी भात पहिल्यांदा एका माणसाच्या हातात आला.

आणि त्या बाईनं काय करावं? पुन्हा दोन तुकडे केले. थोरल्या रुक्मिणीला, म्हणजे अक्काला, भात शिकवला आणि धाकट्या शालिग्रामला पाक. एकाला शिकवताना दुसऱ्याला घराबाहेर पिटाळायची. पंधराएक वर्षांचा असताना शालिग्राम तिच्या मागं लागला होता, की मला भात पण शिकव. ती म्हणाली, "तो अक्काकडं आहे. खायचा असेल तर तिला बोलाव." अक्का लग्न होऊन देवासला गेली, तरी दर संक्रांतीला धारला यायची. दार लोटून भात करायची. मग ती बाहेर यायची आणि शालिग्राम आत जाऊन पाक करायचा. शेवटी दोघं मिळून एकानं पातेलं धरायचं, दुसऱ्यानं ओतायचं. अशी तीसेक वर्षं गेली.

पाकाचं म्हणाल तर शालिग्रामला झोपेतून उठवून विचारा. नारिंगाची साल बारीक चिरून तीन पाण्यांत उकळायची, म्हणजे कडूपणा जातो. साखरेचा पाक दीड तारेचा. आणि रस सगळ्यात शेवटी, आचेवरून उतरवल्यावर, नाहीतर औषधासारखा लागतो. पण भातातलं त्याला ओ की ठो ठाऊक नव्हतं.

आई गेली ती नऊ वर्षांपूर्वी. तिच्या तेराव्याला नारिंगी भात करायचा, हे भावाबहिणीत न बोलताच ठरलेलं होतं. त्या दिवशी धारच्या घरात माणसं मावत नव्हती, म्हणून अक्का देवासहूनच भात करून निघाली. इंदूरला गाडी बदलून, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं पातेलं मांडीवर घेऊन आली. मांडवात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "पाक कुठाय?"

आणि शालिग्राम चारचौघांत म्हणाला, "कोण करत बसतंय आता? हलवाईनं गुलाबजाम केलेत."

अक्कानं पातेलं कोपऱ्यात ठेवलं. पंगती उठल्या. दुपारी हलवाईच्या माणसानं ते पातेलं बघितलं, नुसता पांढरा भात आहे म्हणून गाईपुढं टाकला, भांडं घासून स्वच्छ केलं आणि अक्काच्या हातात दिलं. आता आपल्यात भरून आलेलं भांडं कुणी रिकामं परत देत नाही, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. आईच्या तेराव्याला, माहेरच्या दारातून, अक्का रिकामं पातेलं घेऊन गेली.

त्यात खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती शालिग्रामनं कुमुदलासुद्धा सांगितली नव्हती. त्या सकाळी त्यानं साखर गॅसवर ठेवली होती. साली उकळून झाल्या होत्या. मग त्यानं आईचा झारा हातात घेतला आणि त्याचा हात चालेना. डोळ्यांपुढचं दिसेना. त्रेपन्न वर्षांचा बाप्या स्वैपाकघरात हुंदके देतोय हे पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील, म्हणून त्यानं गॅस बंद केला, तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन हलवाईवर खेकसला. नंतर अक्कानं विचारलं तेव्हा तोंडातून तेच निघालं, जे निघायला नको होतं.

तेव्हापासून अक्का धारला यायची ती लग्नाकार्यापुरती. सगळ्यांशी बोलायची, शालिग्रामशीही बोलायची, पण त्याच्या घरी पाण्याचा घोट घ्यायची नाही. राखी पोस्टानं यायची. सोबत चिठ्ठी नसायची. आणि हा एवढा चौतीस वर्षं मशीन दुरुस्त केलेला गडी, बहिणीला एक फोन करून चुकलं म्हणायचं ह्याला जमलं नाही. आधी दिवाळी येऊ दे म्हणाला, मग संक्रांत येऊ दे म्हणाला, अशी नऊ वर्षं गेली.

आणि ह्या जानेवारीत अक्काच्या मुलाचा, अर्पितचा, पुण्याहून फोन आला. "मामा, आईला कायमची इकडं नेतोय. देवासचं घर सोडतोय. फेब्रुवारीअखेर सामान निघेल."

देवास तरी दोन बसांवर होतं. पुण्याला गेलेली अक्का ह्याच अढीसकट गेली, तर पुन्हा कोण कुणाच्या दारात जाणार होतं? अक्का अडुसष्टची, तो बासष्टचा. तेव्हा त्यानं ठरवलं, की अख्खा नारिंगी भात स्वतः करायचा, डब्यात भरायचा, देवासला नेऊन तिच्यापुढं ठेवायचा. चुकलं म्हणण्यापेक्षा भात सोपा, असा त्याचा हिशेब. त्या हिशेबापायी चार रविवारांत पाच किलो तांदूळ संपला आणि कुमुदनं स्वैपाकघराची आशा सोडली.

चौथा भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. हे कसं जमवलं ते त्या इंडक्शनलाच ठाऊक. उर्वशी म्हणाली, "बाबा, आत्याला सीधा फोन का नाही करत?"

"तू जा," शालिग्राम म्हणाला. "सामान बांधायला मदत करायला म्हणून जा. आणि बघ जरा, ती भात कसा करते. तांदूळ कुठला, पाणी किती, भिजवते किती वेळ. माझं नाव काढू नकोस."

"मतलब जासूसी."

"मदत," शालिग्राम म्हणाला.

उर्वशी शाळेत शिकवते. तिला मराठी वाचायचा कंटाळा, पण माणसं वाचायला ती बापापेक्षा हुशार. रविवारी सकाळी गेली, संध्याकाळी परत आली. शालिग्राम फाटकातच उभा होता.

"भात केला का तिनं?"

"केला ना. वरण-भात."

"अगं, नारिंगीचं विचारलंस का?"

"विचारलं. आत्या हसली. म्हणाली, बाबानं पाठवलं ना तुला." उर्वशी चप्पल काढता काढता थांबली. "मग हसायची बंद झाली. म्हणाली, बापाला जाऊन एवढंच विचार, पाक कुठाय."

शालिग्राम तिथंच ओट्यावर बसला. नऊ वर्षं त्याला वाटत होतं, की अक्का रागावली आहे ती गुलाबजामांवर, हलवाईवर, त्या रिकाम्या पातेल्यावर. ती तर अजून त्याच मांडवात उभी होती आणि तोच प्रश्न विचारत होती. तिनं आपला वाटा केला होता, मांडीवर घेऊन शंभर किलोमीटर आली होती. त्याचा वाटा आलाच नव्हता. आणि हा बसला होता तिचाही वाटा स्वतःच करायला. म्हणजे तुझी गरजच नाही, हे तिला डब्यात भरून द्यायला निघाला होता. एवढं कळायला पाच किलो तांदूळ लागला, ह्याची त्याला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं काटा आणि थर्मामीटर कपाटात टाकला. साली चिरल्या, तीन पाण्यांत उकळल्या. साखर गॅसवर ठेवली. आईचा झारा नऊ वर्षं फळीच्या मागं पडून होता, तो काढून धुतला. ह्या वेळी डोळे भरले तेव्हा त्यानं गॅस बंद केला नाही. कुमुद दारात आली आणि बघून परत गेली. त्यानं बोटांमध्ये पाकाची तार धरून बघितली, दीडच्या दीड आली. पाक आणि साली त्यानं मोठ्या थर्मासात भरल्या, डझनभर नारिंगं पिशवीत घातली आणि बस धरली.

इंदूरच्या गाडीत शेजारचा पोरगेला माणूस म्हणाला, "भिया, थर्मास वर ठेवू का?"

"राहू द्या," शालिग्राम म्हणाला, आणि देवास येईपर्यंत तो मांडीवर धरून बसला.

अक्काचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गल्लीतलं तिसरं. दार तिनंच उघडलं. मागं खोलीभर खोकी, सुतळीचे गुंडे, भिंतीवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन. तिनं भावाकडं बघितलं, मग थर्मासाकडं बघितलं.

"पाक आणलाय," शालिग्राम म्हणाला.

"गरम आहे?"

"आहे."

"आणि रस?"

"नारिंगं पिशवीत आहेत. वेळेवर पिळीन."

अक्कानं मान हलवली. "मग बस बाहेर," ती म्हणाली, आणि एका खोक्याची सुतळी सोडायला लागली. आतून तिनं पातेलं काढलं. शालिग्रामनं ते लगेच ओळखलं, काठाला तोच पोचा होता. पातेलं घेऊन ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तो एका खोक्यावर बसून राहिला. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. मग इतका वेळ काहीच आवाज नाही, की त्याला वाटलं अक्काला झोप लागली. मग तुपात लवंग पडल्याचा वास आला, झाकण वाजलं, पाणी निथळलं. दाराला बोटभर फट होती. डोकं तिरकं केलं असतं तर सगळं दिसलं असतं, चार रविवारांचं कोडं सुटलं असतं. शालिग्रामनं खोक्यावरच पाठ फिरवली आणि गल्लीकडं तोंड करून बसला.

तासाभरानं अक्का बाहेर आली. "जा, तुझं कर," म्हणाली आणि स्वतः अंगणात जाऊन उभी राहिली. शालिग्रामनं पाक परत चढवला, जरा कढ येऊ दिला, खाली उतरवून रस पिळला. मग हाक मारली, "अक्का, ये."

तिनं पातेलं धरलं, त्यानं ओतलं. शितं पाकात बुडाली आणि हळूहळू रंग प्यायला लागली. खाली तवा, वर झाकण, झाकणावर पाण्याचा तांब्या. आता अर्धा तास बसून राहण्यावाचून कुणाला काही काम नव्हतं. दोघं स्वैपाकघरातच जमिनीवर बसली.

आणि ह्याच वेळी काहीतरी हवापाण्याचं बोलून मोकळं व्हायची शालिग्रामची जुनी खोड. तोंडापर्यंत आलंही, पुण्याला थंडी कमी असते म्हणून. ते त्यानं गिळलं.

"अक्का, त्या दिवशी साखर चढवली होती मी," तो म्हणाला. "साली पण उकळल्या होत्या. आईचा झारा हातात घेतला आणि मला काही सुधरेना. रडायला लागलो. लाज वाटली म्हणून गॅस बंद केला, आणि तुला ते तसलं बोललो. चुकलं माझं. फार चुकलं."

अक्का तव्याखालच्या आचेकडं बघत होती. पदरानं तिनं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा.

"मला वाटलं, आई गेली आणि तुझ्यासाठी सगळं संपलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ह्याला कुणाचं काहीच राहिलं नाही. नऊ वर्षं हेच धरून बसले रे मी." मग म्हणाली, "तेव्हाच आत हाक मारायचीस ना, वेड्या. दोघांनी मिळून रडलो असतो आणि मग पाक केला असता."

अक्कानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि झाकण काढायची वेळ होईपर्यंत उचलला नाही.

भात झाला होता. शीत न् शीत मोकळं, तोंडात घातलं की विरघळणारं, आणि मागून सालीचा जरासा कडवटपणा, आईच्या हातचा होता तेवढाच. ताटं खोक्यांत गेलेली, म्हणून दोघांनी एकाच परातीत घेऊन खाल्ला. अक्कानं दुसऱ्यांदा वाढून घेतला. मग तिनं भावाच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, धारच्या घरची, आणि घटाघटा पाणी प्यायली. शालिग्रामनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

निघताना तिनं कुमुदसाठी आणि उर्वशीसाठी डबा भरला. थर्मास धुऊन पुसला, त्यात मूठभर साखर टाकली आणि बूच लावून त्याच्या हातात दिला. शालिग्राम दारात घोटाळला. एवढं सगळं झालं, तरी फिटरचा जीव, राहवेना.

"अक्का, आता तू जातेस पुण्याला," तो म्हणाला. "भाताचं तेवढं सांगून जा. तांदूळ कुठला, ते तरी."

"मुळीच नाही," अक्का म्हणाली. "सांगितलं तर तू पुण्याला येशील कशाला?"

तो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की अक्का हसत नाहीये. आणि मग आईही ध्यानात आली, त्याला भात शिकवायला नाही म्हणणारी. खायचा असेल तर अक्काला बोलाव, असं ती म्हणाली होती. सरदारांनी आचारी पळू नयेत म्हणून भात तोडला होता. आईनं तोच तोडला होता लेकरं तुटू नयेत म्हणून, आणि बासष्टाव्या वर्षी, देवासच्या गल्लीत थर्मास धरून उभं राहिल्यावर त्याला ते कळत होतं.

"मग आपल्यामागं काय?" त्यानं विचारलं. "भात तुझ्याबरोबर जाणार, पाक माझ्याबरोबर."

"त्याचा विचार केलाय मी," अक्का म्हणाली. "उन्हाळ्याच्या सुट्टीत उर्वशीला माझ्याकडं पाठव. तिला मी भात शिकवते."

"आणि पाक?"

"पाक अर्पितला. तू येऊन शिकव." ती पदर खोचून पुन्हा खोक्यांकडं वळली. "आणि तो शिकत असेल तेव्हा उर्वशीला घराबाहेर पाठवायचं, लक्षात ठेव."